पुण्यात बर्फ पडलाय, सगळे घरी आहेत. काय काय कराल?

गोधडीवाली

कल्पना करा. जानेवारीतला कुठलाही दिवस. दूधवाल्याची बेल वाजलीच नाही म्हणून तुम्हाला उशिरा जाग येते. पडदा सारून बघता तर पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर पांढऱ्या, गुलमोहराच्या फांद्या वाकलेल्या आणि वरून अजून पडतंच आहे. गारा नव्हेत, खरा भुरभुरता बर्फ. शाळा बंद, ऑफिस बंद, पीएमपीच्या बस बंद. घरातले सगळे घरात.

हा खेळ मी लहानपणापासून मनातल्या मनात खेळत आले आहे, विशेषतः गोधडीतून हात बाहेर काढवत नाही अशा सकाळी. यंदा लेकीला सांगितला, तर तिचा पहिलाच प्रश्न : "आई, मग किल्ला बर्फाचा करायचा?" मला फार आवडला तो प्रश्न. पुण्याची पोरं बर्फ दिसला तर आधी किल्लाच करणार! टोपीवाला गोल माणूस त्यांना नंतर सुचेल. दिवाळीतले मावळे माळ्यावरून काढायचे, गच्चीवर बुरूज, तटबंदी, बालेकिल्ला, आणि हळीव पेरायची गरजच नाही. हिवाळ्यातला गड आहे, पांढराच शोभेल.

माझा बाकीचा दिवस स्वयंपाकघरात जाईल. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि संध्याकाळी गुळपोळीची तयारी. आजीने विणलेले सगळे स्वेटर ट्रंकेतून बाहेर येतील, ज्याला जो बसेल तो त्याने घालायचा.

दोन नियम. पहिला, कुठेही जायचं नाही. जे करायचं ते घरी, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात. दुसरा, कल्पना हवी तितकी उडू द्या, पण बर्फ खऱ्या बर्फासारखाच वागला पाहिजे. जाणकारांनी जरूर लिहा.

टेकडीवाला

धागा वाचून सकाळ सोन्याची झाली. नियम मोडत नाही, खिडकीतूनच लिहितो. आमच्या कोथरूडच्या घरातून वेताळ टेकडीचा उतार दिसतो. मी दिवसभर चहाचा कप घेऊन एकच गोष्ट बघत बसेन : बर्फ आधी कुठे विरघळतो. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळे आमच्या बाजूचा उतार दुपारपर्यंत काळा-करडा दिसायला लागेल आणि पाषाणच्या बाजूचा तसाच पांढरा राहील. कुठल्या बाभळीखाली, कुठल्या खडकामागे पांढरं शिल्लक आहे त्याचा नकाशा काढायचा. रोज पायाखालची टेकडी, पण तिची सावली कुठे किती वेळ असते हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळेल.

पेठेतली_मिनेसोटाकर

मी सदाशिव पेठेतली, आता मिनिॲपोलिसला. इथे हा खेळ दर हिवाळ्यात खराखुरा असतो, म्हणून हक्काने लिहिते.

गोधडीवालीताई, किल्ल्यासाठी पुण्याचा बर्फ आमच्यापेक्षा चांगला ठरेल! शून्याच्या आसपासचा बर्फ ओलसर असतो, कण एकमेकांना धरतात. मुठीत दाबला की गोळा होतो, भिंत रचली की उभी राहते. इथे कडाक्याच्या थंडीत पडतो तो कोरडा, पिठीसारखा. मुठीत धरला तर बोटांतून गळून जातो आणि मुलं हिरमुसतात. खूपच थंडी असेल तर त्यावर चालताना बुटाखाली करकर आवाज येतो. पुण्यात पचपच येईल.

तटबंदीसाठी एक सांगते. बर्फ घमेल्यात किंवा चौकोनी डब्यात दाबून भरा, उलटा करा, विटा पाडा. रचून झाल्यावर त्यावर हलका पाण्याचा फवारा मारा. रात्री पारा शून्याखाली गेला तर सकाळी तट दगडासारखा. बुरुजासाठी बादली उत्तम.

आणि बर्फाचा गोळा! कोकम सरबताचा अर्क किंवा कालाखट्टा थेट ताज्या बर्फावर. फक्त पडायला सुरुवात झाल्याबरोबर गोळा करू नका. पहिला बर्फ हवेतली धूळ आणि धूर सोबत घेऊन खाली येतो. तासभर पडू द्या, गच्चीवर स्वच्छ परात ठेवा आणि तिच्यात जमलेलाच घ्या.

फौजीकाका

नोकरीत काही हिवाळे कारगिलच्या बाजूला काढले. मुलांना एक गोष्ट नक्की दाखवा. गच्चीवरच्या कुंडीत थर्मामीटर खोचून वर वीतभर बर्फ साचू द्या, आणि दुसरं उघड्यावर ठेवा. रात्री बर्फाखालचं जास्त आकडा दाखवेल. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते आणि अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपली गोधडी जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा धरून ठेवते, तसंच हे. डोंगरात बर्फाखाली गव्हाची रोपं हिवाळा काढतात ती याच कारणाने.

आणि रात्री दिवे घालवून खिडकीशी बसा. बर्फ असला की अमावास्येलाही पूर्ण काळोख होत नाही. चांदण्यांचा प्रकाशसुद्धा परत वर फेकला जातो.

हवामानवेडी

या धाग्याची मी किती वाट बघत होते! नियम दोनचा मान राखून आधी बर्फ का पडत नाही ते सांगते, आणि मग एक आनंदाची बातमी.

पुण्याला बर्फ हवा असेल तर थंडी आणि ओल एकाच वेळी यायला हव्यात. आपल्याकडे त्यांची भेटच होत नाही. जानेवारीत उत्तरेकडून कोरडं वारं येतं, आकाश निरभ्र, म्हणून रात्री थंडी पडते. ढग आले की तेच ढग जमिनीची ऊब धरून ठेवतात आणि पारा वर चढतो. पेपरात आपण वाचतोच की, "ढगाळ हवामानामुळे थंडी ओसरली". म्हणजे थंडी असते तेव्हा पडायला काही नसतं, आणि पडायला काही असतं तेव्हा थंडी नसते.

पुण्याचं आजवरचं सर्वांत कमी नोंदलेलं तापमान १.७ अंश आहे, १७ जानेवारी १९३५ चं. हे तापमान जाळीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोजतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताचं पातं त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतं, कारण ते आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत असतं. त्यामुळे त्या पहाटे मोकळ्या मैदानांतल्या गवतावर दव गोठलं असण्याची दाट शक्यता आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी बोटींच्या धक्क्यावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो तो असाच. पेटीतला पारा तेव्हा शून्यावर गेलेलाच असतो असं नाही.

ही नोंद ज्या खात्याने जपली त्याचं पुण्यातलं घर म्हणजे शिवाजीनगरचं सिमला ऑफिस. रोज आपण त्या चौकातून जातो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि ते नाव चौकाला चिकटलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. बर्फाच्या गावाचं नाव असलेला चौक पुण्याच्या मधोमध आहे, हे मला फार गोड वाटतं. आपल्या खेळात पहिला कण तिथेच पडू द्या.

आता बातमी. पुण्यावर बर्फ पडतो. दर पावसाळ्यात पडतो. फक्त तो आपल्यापर्यंत पोचत नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. उंच वाढलेल्या ढगांचा वरचा भाग त्याच्याही वर जातो. तिथे बर्फाचे कण तयार होतात, एकमेकांना चिकटून पुंजके बनतात आणि खाली यायला लागतात. शून्य अंशाची पातळी ओलांडली की काही शे मीटरमध्ये वितळून थेंब होतात. वितळणारा कण बाहेरून ओला आणि आकाराने अजून मोठा असतो, त्यामुळे रडारवर त्या उंचीला एक ठळक उजळ पट्टा उमटतो. प्रत्येक थेंब असा बनत नाही. सह्याद्रीवरच्या बुटक्या ढगांमधला बराच पाऊस बर्फाशिवायच तयार होतो. पण जोराची सर येते तेव्हा छत्रीवर आपटणाऱ्या टपोऱ्या थेंबांतले कितीतरी दहा-पंधरा मिनिटांपूर्वी लक्ष्मी रस्त्याच्या वर बर्फ म्हणून तरंगत होते.

याचा अभ्यासही आपल्या शेजारीच चालतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांवरची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे, जिथे ढग दारातून आत येतात.

गोधडीवाली

@हवामानवेडी, हे वाचून लेक सरळ गॅलरीत जाऊन वर बघून आली. कोरडं निळं आकाश होतं, तरी खूष! आता जूनची वाट बघणं आलं.

टेकडीवाला

+१. टेकडीवाल्यांसाठी एक पुरवणी. थंडीत पहाटे टेकडी चढताना वर जावं तसं गार वाटायला हवं ना? उलट होतं. पायथ्याशी कान बधिर होतात आणि माथ्यावर कानटोपी काढावीशी वाटते. थंड हवा जड, ती रात्रभर उतारांवरून घरंगळत सखल भागात साठते. पुणे वाटीत बसलंय, म्हणून सकाळी धुराचा थर नदीवर तरंगत राहतो. तेव्हा दव गोठलेलं बघायचं असेल तर माथ्यावर जाऊ नका, पाषाणकडच्या सखल मोकळ्या शेतात बघा.

तानपुरा

मला दिसण्यापेक्षा ऐकू येणारा बर्फ हवा आहे. ताज्या बर्फाच्या पोकळ्यांत आवाज शोषला जातो. आमचं घर कुमठेकर रस्त्याला लागून. हॉर्न, शटर, भाजीवाले, टेम्पो यांच्यात तानपुरा जुळवताना खर्जाची तार ऐकायला कान लाकडाला टेकवावा लागतो. त्या दिवशी मी पहाटे सगळी दारं सताड उघडून बसेन. थंडी वाजली तर वाजू दे, दोन शाली घेईन. तारा चढतील, पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागतील, तेही चालेल. भैरव रागातल्या कोमल रिषभाचं आंदोलन, म्हणजे त्या सुराचं हळुवार झुलणं, रस्त्यापर्यंत ऐकू जातंय आणि मधे काहीच आडवं येत नाही, असं एकदा व्हावं ही माझी खरोखरची इच्छा आहे.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून थंडीत भरतो. रमणबागेच्या मैदानावर रात्र रात्र शाली-कानटोप्या घालून ऐकलेले लोक आमच्या घरात आहेत. वडील म्हणतात, पहाटे मंडपाच्या कडेला श्वासाची वाफ दिसायची आणि तरी कुणी उठायचं नाही. त्या मैफिलीवर बर्फ पडला असता तरी हे लोक हलले नसते.

स्लॅब_आणि_बीम

गच्चीवर किल्ला म्हटल्यावर मला लिहिणं भाग आहे. बर्फ किती उंच साचला यापेक्षा त्यात पाणी किती आहे ते बघा. २५ मिमी पाऊस बर्फ होऊन पडला तर थर साधारण २५ सेंमीचा, ओलसर असेल तर त्याहून कमी. वजन मात्र तेवढंच : दर चौरस मीटरला २५ किलो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दोन टनांहून जास्त! पाऊस पन्हाळीतून निघून जातो, हा बसून राहतो.

तरी घाबरू नका. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब आपल्याकडे दर चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून काढतात. किल्ला खुशाल करा, फक्त सगळ्या गच्चीचा बर्फ एका कोपऱ्यात ओढून डोंगर करू नका. बालेकिल्ला खांबांच्या रेषेवर घ्या. पत्र्याच्या शेडवर आणि जुन्या वाड्यांच्या कौलांवर कुणी चढू नये. वाशांची अवस्था खालून दिसत नाही.

पन्हाळीचं तोंड मोकळं ठेवा. आणि रात्री सोलर हीटरच्या नळ्या, टाकीचे उघडे पाइप गोणपाटाने गुंडाळा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं.

आता मजेचा हिशेब. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिमी. सगळा बर्फ होऊन पडला आणि अजिबात वितळला नाही तर सात मीटर, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून थेट बाहेर पाऊल.

छोटी_कात्री

शाळेत हस्तकला शिकवते. बर्फाची वाट न बघता आजच करता येईल असं सांगते. मुलं कागदाची चांदणी कापतात तेव्हा कागद दोनदा, तीनदा अर्धा दुमडतात आणि तिला चार किंवा आठ टोकं येतात. बर्फाच्या कणाला सहा हवीत. गोल कागद घ्या, अर्धा दुमडा. आता त्या अर्ध्या गोलाचे मध्यबिंदूपासून तीन सारखे भाग करा आणि एकावर एक घडी घाला. आलेला त्रिकोणी तुकडा पुन्हा मधोमध दुमडा. बारा थर झाले. कापा, उलगडा.

सहाच का, याचं उत्तर आपल्या अंगणात आहे. आजीला १३ ते ७ ठिपक्यांची रांगोळी काढायला सांगा : मधली ओळ १३ ची, वर-खाली प्रत्येक ओळीत एक ठिपका कमी, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधे. काढून झाली की कडेने बोट फिरवा. षटकोन! पाण्याचे रेणू गोठताना अशाच सहा-सहाच्या जाळीत बसतात आणि कण वाढत जातो तसा तोच आकार डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये प्रागला बसून विचारलं होतं की बर्फाच्या कणाला सहाच कोपरे का. तेव्हा रेणू कुणाला ठाऊक नव्हते, तरी त्याने एकमेकांना लागून रचलेल्या गोळ्यांचा विचार केला होता.

मुलांना बेंटलीची गोष्टही सांगते. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ मध्ये त्याने बर्फाच्या एका कणाचा फोटो घेतला, आणि आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त. जपानमध्ये शास्त्रज्ञ नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला कण वाढवला. सशाचा केस का, हे विचारल्यावर वर्गातले सगळे हात वर जातात! त्या केसावर ठरावीक अंतराने बारीक गाठी असतात, कण एकेका गाठीवर धरतो, एकमेकांत मिसळत नाही.

द्राक्षबाग

निफाडकडचा आहे, मुलीच्या शिक्षणासाठी घर पुण्यात. धागा मनापासून वाचला, मुलीलाही वाचून दाखवला. आमच्याकडे पारा खूप उतरला की खेळ राहत नाही, म्हणून दोन ओळी लिहितो.

पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या मण्यांना कडाक्याची थंडी लागली की मणी तडकतात, काही वाणांत पिंक बेरी होते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात, आणि एका रात्रीत वर्षाचं काम जातं. त्या रात्री आम्ही झोपत नाही. बांधावर शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सुरू करतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ते जमिनीला ऊब देतं. शेजारच्याच रानातला गहू आणि हरभरा मात्र याच थंडीवर खूष असतो. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन मागण्या.

तुमच्या खेळात बर्फ पडू दे, फक्त तो घाटाच्या अलीकडे थांबवा, नाशिककडे येऊ देऊ नका. मुलीची फर्माईश : किल्ल्यावर शेकोटी हवी, कारण पहारा रात्रीचा असतो.

गोधडीवाली

दादा, तुमचं ऐकलं. या धाग्यावरचा बर्फ पुणे शहराची हद्द ओलांडणार नाही, आणि शेकोटी पक्की. बर्फाच्या तटापासून लांब, विटांवर, वाळूच्या घमेल्यात. त्यावर हुरडा भाजू, मुलीला घेऊन या.

हवामानवेडी

ज्यांना खरंच काहीतरी गोठवून बघायचंय त्यांच्यासाठी एक जुना प्रयोग. अठराव्या शतकात अलाहाबादकडे थंडीच्या रात्री पेंढ्याच्या जाड थरावर उथळ, झिलई न दिलेल्या म्हणजे सच्छिद्र मातीच्या थाळ्या मांडून त्यात पाणी ठेवत आणि पहाटे बर्फाचे पापुद्रे काढत. हवा शून्यावर असण्याची गरज नसे. पेंढा जमिनीची ऊब अडवतो, मातीतून झिरपून पाणी उडतं आणि उरलेलं गार होतं, शिवाय उघडं आकाश उष्णता ओढून घेतं.

पुण्यात करताना आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी हवी. थाळीवर झाड किंवा पत्रा नको, थेट आकाश दिसलं पाहिजे. पाणी बोटाच्या पेराइतकंही नको. पारा ८-९ अंशांवर असेल तर बर्फ होणार नाही, पण थाळीतलं पाणी शेजारच्या हवेपेक्षा गार झालेलं थर्मामीटरवर दिसेल. पाषाण, हवेली, एनडीएकडच्यांना जास्त संधी. मगरपट्टा आणि कोरेगाव पार्क रात्री उबदार राहतात. पहाटे सहाला नोंद घ्या आणि इथे लिहा : थाळीतलं तापमान, हवेचं तापमान, ठिकाण.

टेकडीवाला

मी कोथरूडहून करतो. थाळी कुठे मिळेल? घरात सगळं स्टील.

छोटी_कात्री

कसबा पेठेत कुंभारवाड्यात विचारा. पसरट परळ मागा, रंग न दिलेलं. मी शाळेसाठी आणायला जाणारच आहे, तुमचंही घेते. पेंढा मात्र तुम्ही बघा.

द्राक्षबाग

पेंढा मी आणतो. शनिवारी गावाहून येतोय, कुणाला किती हवा ते इथे लिहा.